वाट ठाऊक असलेली माणसं : खानदेशातल्या साहसखेळांविषयी प्रस्तावना

सात लाख रुपयांचं वजन किती होतं?

१८५७ च्या नोव्हेंबरात खाज्या नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांनी मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या बाजूला कंपनी सरकारचा सात लाखांचा खजिना लुटला. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना एका वाक्यात येते आणि लगेच पुढचं वाक्य सुरू होतं. पण त्या काळचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅमचा. सगळी रक्कम रोख रुपयांत होती असं धरलं, तर ओझं आठ टनांच्या वर जातं. लादणीच्या एका बैलावर शंभर-सव्वाशे किलो टाकलं तरी पासष्ट ते ऐंशी बैल लागतात. ते आधी कुठे बांधून ठेवले असतील? सडक सोडून कोणत्या नाळेत वळवले असतील? इतक्या खुरांचा माग पुसायचा कसा? चांदी एका जागी पुरायची, की पाड्यापाड्यांत वाटून टाकायची? आणि वाटली तर उद्या आठवडी बाजारात एखाद्याच्या हातात नवा कोरा रुपया दिसला म्हणजे काय होईल?

या प्रश्नांची उत्तरं दप्तरात नाहीत. ती उत्तरं चार जणांनी एकत्र बसून शोधायची, यासाठीच हे पुस्तक आहे.

रोलप्लेइंग गेम हा प्रकार आपल्याकडे अजून फार घरांत पोचलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग मांडतो: दिवस मावळलाय, अनेरच्या पात्रात गुडघाभर पाणी आहे, पलीकडच्या काठावर दोन शिपाई चिलीम ओढत बसलेत, काय करता? खेळणारे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जे सहज जमण्यासारखं आहे ते जमतं, जिथे शंका आहे तिथे फासे टाकतात. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. रात्र सरता सरता सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचलेली असते, आणि ती आधी कुणालाच माहीत नसते.

यातली साहसकथांची शाखा मला सर्वांत जवळची. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेत लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या कागदावर स्वस्त मासिकं निघत. त्यांतली हरवलेली शहरं, चोरलेल्या मूर्ती, धावत्या गाडीच्या टपावरच्या मारामाऱ्या पुढे सिनेमात आल्या, १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ने जगभर गेल्या आणि मग या खेळांत उतरल्या. मराठी वाचकाला ही चव नवी नाही. नाथमाधवांचा ‘वीरधवल’, बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा, शशी भागवतांचं ‘मर्मभेद’ यांवर कित्येक पिढ्यांनी रात्री जागवल्या आहेत. वाचनालयातून आणलेलं, पहिली चार पानं गळालेलं पुस्तक कंदिलाच्या उजेडात संपवणारे वाचक खानदेशातल्या गावागावांत होते.

या परदेशी साहसकथांमध्ये मात्र एक खोट आहे आणि ती खेळांतही जशीच्या तशी आली. नायक नेहमी बाहेरून येतो. त्याच्याजवळ टोपी, पिस्तूल आणि नकाशा असतो. त्याला वाट दाखवणारा स्थानिक माणूस दोन पानांत मरतो किंवा दगा देतो. गावकरी भित्रे किंवा नरबळी देणारे असतात. एखाद्या मराठी मुलाने हा खेळ खेळायला घेतला की त्यालाही साहेबाचं पात्र घ्यावंसं वाटतं, कारण गोष्टीतली सगळी कामं साहेबाच्या वाट्याला आलेली असतात. खानदेशच्या नोंदी उघडून बसलं की हा साचा टिकत नाही. जिथे जिथे खरं साहस घडलं, तिथे निर्णायक ठरलं ते वाटेचं ज्ञान. ते ज्ञान ज्याच्याकडे होतं त्याचं नाव बहुतेक वेळा नोंदलंच गेलं नाही.

अजिंठ्याचं पाहा. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रासकडचा घोडदळातला अधिकारी वाघाच्या मागावर वाघूरच्या घळीशी आला आणि त्याने लेणी ‘शोधली’. दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव आणि तारीखही कोरून ठेवली. पण त्या घळीत गुरं चारणाऱ्यांना, मध गोळा करणाऱ्यांना लेणी कधीच हरवलेली नव्हती. त्याला वर नेणारा गावातलाच कुणी मुलगा होता असं सांगतात. खेळासाठी स्मिथपेक्षा हा मुलगा कितीतरी सरस पात्र आहे. त्याला ठाऊक आहे की कोणत्या लेण्यात वाघरं राहतात, कुठल्या विहारात पाणी आहे आणि साहेबाला काय दाखवायचं नाही.

दुसरा दाखला जेम्स औट्रमचा. १८२५ साली त्याने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना फौजा पाठवून आवरता आलं नाही, त्यांनाच पगारी शिपाई करून त्यांच्याकडून त्यांचेच डोंगर राखून घ्यायचे, हा त्यातला हिशेब. औट्रम पुढे सर झाला, त्याचं चरित्र लिहिलं गेलं. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आजही त्याचंच नाव आहे आणि १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातही ते आलं. त्याला त्या डोंगरातल्या पायवाटा दाखवणाऱ्या नाईकांपैकी एकाच्याही नावाचा घाट नाही. या पुस्तकाच्या नियमांत म्हणूनच एक गोष्ट मुद्दाम घातली आहे: ज्या मुलखात पात्र वाढलं, त्या मुलखात त्याला फाशावर अधिक गुण मिळतात. डोंगरात पावरी किंवा भिली बोलणाऱ्याला, तापीकाठी अहिराणी बोलणाऱ्याला, यावल-रावेरकडे लेवा बोलीत ‘भो’ म्हणून हाक मारणाऱ्याला. बंदूक हाती असली म्हणून तेवढे गुण मिळत नाहीत.

खाज्या नाईकांकडे परत येतो, कारण संपूर्ण मालिका त्यांच्यावर रचता येईल एवढा ऐवज तिथे आहे. सेंधवा घाटाच्या राखणीचं काम सरकारने त्यांच्याकडेच सोपवलेलं होतं. पुढे त्यांना तुरुंगवास झाला, नोकरी गेली, आणि १८५७ मध्ये पुन्हा कामावर घेतल्यावर काही काळातच ते उठावात उतरले. घाटातलं प्रत्येक वळण ज्याने वर्षानुवर्षं राखलं, त्यानेच त्या घाटात खजिना अडवला, यात नवल काही नाही. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या, बायकामुलं कैद झाली. १८६० मध्ये दगाफटक्याने खाज्या नाईक मारले गेले. सूत्रधाराने हे वाचताना एक ध्यानात ठेवावं. आंबापाणीचा निकाल फाशांवर सोडायचा नाही. ती जखम आजही डोंगरातल्या पाड्यांवर सांगितली जाते. खेळाची जागा लढाईच्या आधीची आणि नंतरची आहे: निरोप पोचवणं, जखमींना आसरा देणं, सुटलेल्या मुलाला आजोळी नेणं, खबऱ्या कोण ते ओळखणं. त्या चार-सहा दिवसांत जे साहस आहे, ते तोफांच्या आवाजात नाही.

भूगोल आधी डोक्यात बसवा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, आणि मधून पूर्व-पश्चिम वाहणारी तापी. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई तिला मिळतात, उत्तरेकडून अनेर आणि सातपुड्यातले नाले. तापीचे काठ उंच आणि मातीचे, पावसाने चिरलेले. त्या चिरांच्या आत एखादी टोळी दिवसभर दडून बसली तरी वरच्या शेतातल्या माणसाला पत्ता लागत नाही. ऋतूही खेळात पात्रासारखा वागतो. पावसाळ्यात तापी ओलांडता येत नाही, म्हणजे अर्धं खानदेश दुसऱ्या अर्ध्यापासून तुटतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. सातपुड्यातले ओढे आटतात आणि कोणत्या डोहात पाणी शिल्लक आहे, या एका माहितीवर पाठलागाचा निकाल लागतो. परदेशी खेळांच्या पुस्तकांत हिमवादळाचे नियम चार-चार पानं असतात. आम्ही ती पानं उन्हाला दिली आहेत. दुपारी चालायचं ठरवलं तर किती पाणी लागतं, घोडा कधी थकतो, कळण्याची भाकरी आणि ठेचा किती दिवस पुरतो, हे सगळं तिथे सापडेल.

हा ऐवज शोधायचा कुठे? सुरुवात १८८० च्या खानदेश गॅझेटियरपासून करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तो बारावा खंड, जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली झालेला. लिहिणारे राज्यकर्ते होते, त्यांची नजर त्यांच्या सोयीची होती, भिल्लांबद्दल आणि पारध्यांबद्दल त्यात जे शेरे आहेत ते वाचून संताप येतो. पण घाटांची यादी, बाजाराचे वार, नद्यांवरचे उतार, गावागावातली अंतरं, कुठल्या घाटातून गाडी जाते आणि कुठून फक्त लादलेलं जनावर जातं, एवढा तपशील दुसरीकडे मिळत नाही. सूत्रधाराला शेवटी हेच लागतं. शेरे वगळा आणि अंतरं घ्या.

त्याच खंडात थाळनेरची हकिकत आहे. मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातले किल्ले इंग्रजांना दिले होते. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठच्या या किल्ल्यापुढे आली तेव्हा किल्लेदार तुळशीराम यांनी तो सोडायला नकार दिला. तोफा चालल्या, बाहेरचे दरवाजे गेले, बोलणी सुरू झाली, किल्लेदार स्वतः बाहेर आले. शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून काही इंग्रज अधिकारी आत शिरले. आत अरब शिबंदी होती. एकमेकांची भाषा कळेना. शरण यायच्या अटी काय ठरल्या, हत्यारं ठेवायची की घेऊन जायची, याचा घोळ झाला. कुणीतरी हत्याराला हात घातला आणि दिंडीच्या आत काही क्षणांत दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर फौज आत घुसली आणि शिबंदी कापून काढली. किल्लेदारांना त्याच दिवशी फासावर चढवलं. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटातही या फाशीवरून प्रश्न उभे राहिले.

मला या प्रसंगात सगळ्यात मोठी नाट्यमय जागा दिसते ती त्या दिंडीत. माणूस वाकून, एकेक करूनच आत जाऊ शकेल अशी अरुंद जागा, आत अंधार, बाहेर ऊन, आणि दोन्ही बाजूंची भाषा जाणणारा माणूस हजर नाही. समजा, तो माणूस हजर आहे आणि ते पात्र तुमचं आहे. थाळनेरच्या बाजारात अरबांना दाणागोटा विकणारा वाणी, किंवा होळकरांच्या तळावर वाढलेली, हिंदुस्तानी आणि थोडी अरबी समजणारी बाई. तुमच्याजवळ तलवार नाही. दोन्हीकडची माणसं घाबरलेली आहेत आणि तुम्हाला चार वाक्यं बोलायला वेळ आहे. आम्ही हा प्रसंग अनेक मंडळींबरोबर खेळलो, प्रत्येक वेळी तो वेगळ्या दिशेने गेला, आणि प्रत्येक वेळी खेळणाऱ्यांच्या तळव्यांना घाम सुटला. मारामारीच्या प्रसंगात असं क्वचित होतं.

शिलालेख, पोथ्या आणि गुप्त लिपी यांच्याशिवाय साहसकथा पुरी होत नाही. त्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जावं. तिथल्या चंडिकेच्या मंदिरात १२०७ सालचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं, असं त्यात सांगितलं आहे. मजकूर मुख्यतः संस्कृतात, पण दानाचा भाग जुन्या मराठीत आहे, कारण तो बाजारातल्या लोकांना कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत येणाऱ्या मालावरचा कर मठाकडे वळवलेला आहे, तेलाच्या घाण्यावरही मठाचा वाटा ठेवला आहे. आज तिथे जंगल आहे. धबधबे आहेत, वरच्या कड्यात कोरलेली लेणी आहेत, थोड्या अंतरावर पितळखोऱ्याची लेणी. आठशे वर्षांपूर्वी याच दरीत पेठ भरत होती, घाणे फिरत होते आणि मुलं ‘सिद्धान्तशिरोमणी’तली गणितं सोडवत होती. ती पेठ कुठे गेली आणि मठातल्या पोथ्या कुणी नेल्या, यापेक्षा चांगला आरंभ मला सुचत नाही. हरवलेलं शहर शोधायला ॲमेझॉनला जायची गरज चाळीसगावकराला तरी नाही. याच पाटण्याच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे सापडले, हजारो वर्षं जुन्या अश्मयुगातले. खानदेशात शहामृग होते, हे ऐकून खेळणाऱ्यांचे चेहरे कसे होतात ते सूत्रधाराने एकदा पाहावंच.

पोथ्या नेल्या कुठे, या प्रश्नाचा माग धुळ्याला जातो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून कागद गोळा केले. माळ्यांवर कुजणारी, वाण्याच्या पुड्यांना चाललेली दप्तरं त्यांनी मिळवली, वाचली, छापली. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि लगेच १९२७ च्या जानेवारीत त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. मोडी आणि फारसी कागद, ताम्रपट, मूर्ती, चित्रं, सगळं तिथे आहे. त्याच गावात नानासाहेब देवांनी जमवलेल्या रामदासी हस्तलिखितांचं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. म्हणजे १९३० च्या दशकात धुळ्यात मोडी वाचणारी, गावोगावच्या वाड्यांची कुंडली ठाऊक असलेली, एका कागदासाठी बैलगाडीने पन्नास मैल जाणारी माणसं प्रत्यक्ष वावरत होती. परदेशी साहसकथेतला पुरातत्त्वज्ञ प्राध्यापक यांच्यापुढे फिका पडतो. खेळासाठी मोडीचा एक कागद बनवून टेबलावर ठेवा. टेबलावरच्या सगळ्यांना मिळून तो वाचता येणार नाही, ज्याच्या घरातल्या आजोबांना येतं तो उठून फोन लावील. मी हे घडताना पाहिलं आहे.

अमळनेरलाही थांबावं लागेल. १९१६ मध्ये प्रताप शेठजींच्या आश्रयाने तिथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. देशभरातले अभ्यासक गिरणीच्या भोंग्याच्या गावात येऊन वेदान्तावर वाद घालू लागले. १९२४ पासून काही वर्षं साने गुरुजी तिथल्या शाळेत शिकवत होते. चाळीसगावला स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस राहत. मूस छायाचित्रकार आणि चित्रकार, विलायत पाहून आलेले. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८९ च्या ३१ डिसेंबरला मृत्यू येईपर्यंत ते जवळजवळ घराबाहेर पडलेच नाहीत. रात्रीच्या गाडीने एक व्यक्ती येणार म्हणून ते वाट पाहत, असं सांगतात. त्यांच्या एकांताचा तमाशा खेळात करू नये. पण घराबाहेर न पडता जगभर बक्षिसं मिळवणारा माणूस गावात असताना, फोटोतल्या एखाद्या सावलीवरून खोटी मूर्ती ओळखायची असेल तर पात्रांनी कुणाचं दार वाजवायचं, हे उघड आहे.

भुसावळच्या दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल आहे. त्याने १८४० च्या दशकापासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रतिकृती केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत जळाल्या. त्या वेळी तिथे टांगलेल्या नव्हत्या अशा मोजक्या वाचल्या. गिल पुन्हा अजिंठ्याला आला, नव्याने कामाला लागला आणि १८७९ मध्ये वारला. पारो नावाच्या, गावातल्याच एका स्त्रीशी त्याची सोबत होती, ती १८५६ मध्येच गेली होती. गिलवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला पारोच्या बाजूने गोष्ट हवी आहे. एक कापड लंडनला गेलंच नाही, ते अजिंठा गावात एका माळ्यावर आहे, आणि ते कुणी गुंडाळून ठेवलं हे फक्त तिच्या माहेरच्यांना ठाऊक आहे, असं समजून खेळून पाहा.

आता १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना मोटारीने निघाला होता. शिंदखेडा तालुक्यात चिमठाणे गावाजवळ क्रांतिकारकांनी तो अडवला. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथी इतक्या दूर आले होते. इथली मदार डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांच्या भूमिगत साथीदारांवर होती. आता सेंधव्याच्या आठ टनांशी तुलना करा. १९४४ पर्यंत नोटा रुळल्या होत्या, तेव्हा ओझ्याचा प्रश्न बराच हलका होतो आणि दुसरे प्रश्न उभे राहतात. नोटांचे नंबर कुठे लिहिलेले असतील? मोटारीची वेळ कोण कळवणार? आणि माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न बोलीचा. वारणा-कृष्णाकाठचा माणूस खानदेशातल्या खळ्यावर दोन वाक्यं बोलला की पोरंसुद्धा ओळखतात, हा इकडचा नव्हे. रात्रीचा आसरा, भाकरी, पुढच्या गावापर्यंत सोबत, हे सगळं ज्या घरांनी दिलं असेल त्यांच्यावर खेळ उभा करा. त्यात एखादी म्हातारी घ्या, जी दारात आलेल्या फौजदाराला चहा पाजता पाजता मागच्या दाराने दोन माणसं काढून देते. या पात्राला फाशाचे सर्वाधिक गुण आम्ही दिले आहेत आणि त्याबद्दल कुणीही तक्रार केलेली नाही.

दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पहिली गुप्तधनाची. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने गढ्या आणि किल्ल्यांचे बुरूज खणले गेले आहेत, आणि त्यातून माणसांच्या, मुलांच्या जिवावरही बेतलं आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधापायी होणाऱ्या अमानुष प्रकारांचा म्हणूनच स्वतंत्र उल्लेख आहे. खेळातला खजिना टेबलावरच राहू द्या. भामेरच्या किल्ल्यातल्या कोरीव टाक्या आणि दालनं, लळिंग, थाळनेरची फारुकी थडगी जरूर पाहा, पण कुदळ घेऊन जाऊ नका आणि भिंतीवर नाव लिहू नका. स्मिथने ते एकदा केलं, तेवढं पुरे.

दुसरी गोष्ट खलनायकांची. जुन्या साहसकथांत अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवलेल्या असतात. आपल्याकडे हे कायद्यानेच घडलं. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मालाच गुन्हा ठरवलं आणि तो शिक्का स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये निघाला. पारधी वस्तीवर आजही पोलिसांची गाडी आधी येते. आमच्या पुस्तकात एकही जमात, एकही देव, एकही पाड्यावरचा विधी भीती दाखवायला वापरलेला नाही. कानबाईचा उत्सव, भोंगऱ्या बाजार, आखाजीचे झोके हे गोष्टीत आहेत ते माणसं भेटण्याच्या जागा म्हणून. खलनायक हवेत तर कमी नाहीत: दुष्काळात धान्य दाबून ठेवणारा सावकार, जंगलाचा ठेका घेतलेला कंत्राटदार, मूर्ती परदेशी पाठवणारा दलाल, खोट्या दस्तावर जमीन बळकावणारा वकील.

पुष्कळांना प्रश्न पडेल, सुरुवात कशी करावी. थाळनेर किंवा आंबापाणी पहिल्या बैठकीला घेऊ नका, ती हात बसल्यावर घ्या. १९३६ चा डिसेंबर घ्या. फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरतंय, खेड्यात भरणारं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबूची नगरी सजवायला नंदलाल बोस आलेले. हे मोठे लोक पडद्यामागेच राहू द्या, त्यांच्या तोंडी वाक्यं घालू नका. पात्रं अशी: भुसावळच्या यार्डातला एक फायरमन, धुळ्याला मोडी शिकलेली एक शिक्षिका, पालच्या जंगलातला एक पावरा वाटाड्या, रावेरकडचा केळीचा शेतकरी. जागा पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेचा डबा. हिच्या वेगाला पळणारा माणूस गाठतो, त्यामुळे गाडीत चढणं-उतरणं हेही साहसात येतं. समोरच्या बाकावरचा प्रवासी पहूरच्या आधी उतरतो आणि त्याची वळकटी तिथेच राहते. वळकटीत जळगावच्या एका दुकानाची पावती, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी केलेला तुकडा आणि मोडीत लिहिलेलं अर्धं पत्र आहे. गाडी पुढच्या वळणावर धीमी होते. खिडकीतून दिसतं की तो प्रवासी शेतातून पळतोय आणि त्याच्या मागे दोघे जण आहेत.

फासे टाकायच्या आधी एवढंच विचारा: या शिवारातली वाट तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे?